हसू नका, वहिनी

आमच्या वहिनींचा आवाज तुम्ही बहुतेक ऐकलेला आहे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. ज्या नट्यांना भाषा धड येत नाही, किंवा येते पण आवाज चिरका आहे, अशांच्या तोंडी कित्येक वर्षं वहिनींचा आवाज होता. ओठ त्या पोरींचे, बोलणं वहिनींचं. बाजारात वहिनी घासाघीस करू लागल्या की एखादं गिऱ्हाईक चमकून मान वळवायचं. मागे चष्मा लावलेली, दोन हातांत दोन पिशव्या घेतलेली, पन्नाशीला टेकलेली बाई दिसली की पुन्हा कांदे निवडू लागायचं. वहिनींना त्याची गंमत वाटायची. "बघ," त्या मला म्हणायच्या, "स्वप्नभंग म्हणतात तो हा."

आमची दोन्ही बिऱ्हाडं एकाच जिन्यावर. ते दोघं खाली, आम्ही वर. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचे. सरळ माणूस, कमी बोलणारा. बायकोच्या कामाचा त्यांना अभिमान होता, पण सिनेमा बघायला बसले की चारचौघांसारखेच पडद्यावरच्या बाईकडे बघत राहायचे आणि आवाज घरचा आहे हे साफ विसरायचे.

काम एका तळघरात चालायचं. भिंतींना गालिचे ठोकलेले, मध्ये माईक, समोर पडदा आणि एका बाजूला जाड काच. काचेपलीकडे पुरुषमंडळी. ते बटण दाबून बोलले की वहिनींच्या कानातल्या हेडफोनमध्ये ऐकू यायचं. बटण सोडलं की नुसते हलणारे ओठ आणि हसणारे चेहरे दिसायचे. बटणावर बसणाऱ्या माणसाला सगळे कानसेन म्हणायचे. वहिनींना तोच काय तो जरा बरा वाटायचा.

"वहिनी, थोडं लाडात घ्या." "वहिनी, जरा श्वास घाला त्यात." आणि सगळ्यांत जास्त वेळा हे: "नको म्हणा, पण ऐकणाऱ्याला हो ऐकू आलं पाहिजे."

सोडा ना. कुणी बघेल. नको ना. वहिनींनी हे इतक्या पोरींच्या तोंडून म्हटलं होतं की त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मग एकदा माझ्या मुलीच्या बाबतीत एक प्रकार झाला. तिच्या ऑफिसातला एक जण रोज तिच्या मागे बसस्टॉपपर्यंत यायचा. तिनं त्याला तोंडावर सांगितलं, मला हे आवडत नाही, येत जाऊ नकोस. तो हसून म्हणाला, मुली आधी नाहीच म्हणतात. पोरीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वहिनी आमच्याकडे शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. न सोललेली शेंग परत टोपलीत टाकून म्हणाल्या, "त्याच्या कानात मीच बसलेय गं."

मी म्हटलं, "काहीतरीच काय, वहिनी. तुम्ही नसतं केलं तर दुसरीनं केलं असतं."

"म्हणून तर मी केलं," त्या म्हणाल्या.

अशात त्यांना एका दिग्दर्शकाचा फोन आला. नाव कमावलेला माणूस, बायकांबद्दल फार समजून बोलणारा. "वहिनी, हा सिनेमा वेगळा आहे. बाईच्या नजरेतून आहे. तुमच्याशिवाय होणार नाही," तो म्हणाला. वहिनी खुशीत होत्या. रोज येऊन मला गोष्ट सांगायच्या. नायिका बेकरीत कामाला असते, एकटी राहते, तिला एक माणूस आवडतो आणि ती स्वतःहून त्याला घरी बोलावते.

ज्या दिवशी ते घरी बोलावल्याचं दृश्य करायचं होतं, त्या दिवशी काचेपलीकडे नेहमीपेक्षा गर्दी होती. दिग्दर्शक, निर्माता, निर्मात्याचा मेहुणा आणि कानसेन. दृश्य पडद्यावर लागलं. दुपारची वेळ, छोटी खोली. त्या माणसाच्या शर्टाचं बटण अडकतं, काही केल्या निघत नाही, आणि पोरीला हसू येतं. हसता हसताच ती त्याला जवळ ओढते. डोळे उघडे ठेवून.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा," वहिनी मला नंतर म्हणाल्या, "पडद्यावरची बाई तिथं स्वतःच्या मर्जीनं आलीय असं वाटलं. बाकीच्या कशा, पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन आल्यासारख्या येतात."

वहिनी हसल्या. पोरीच्या ओठांवर बरोबर बसेल असं, आतून आलेलं, जरा दबलेलं हसू. काचेपलीकडे ओठ हलले. मग बटण दाबलं गेलं.

"हसू नका, वहिनी," दिग्दर्शक म्हणाला.

"ती हसतेय."

"दिसतंय हो आम्हाला. शूटिंगच्या वेळी छान वाटलं होतं. पण इथं हसलं की मजाच जाते."

निर्माता पुढे वाकला. "पब्लिकला वाटेल ती त्यालाच हसतेय. पुरुष माणसाला कसं वाटेल ते?"

"मग मी काय करू? तोंड तर तिचं हसतंय."

"तोंड दिसणारच नाही," दिग्दर्शक म्हणाला. "तिथे आम्ही पाठ टाकतोय."

पाठ म्हणजे उघडी पाठ, मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश. ती नंतर वेगळी घेतली होती आणि त्या पोरीची नव्हतीच. तिनं नाही म्हटल्यावर दुसरी कुणी आणली होती. चेहरा एकीचा, पाठ दुसरीची, आवाज तिसरीचा, आणि सिनेमा बाईच्या नजरेतून.

मग पाठीवर कसला आवाज शोभेल याची चर्चा सुरू झाली. बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे वहिनींना सगळं ऐकू येत होतं. बाईमाणूस अशा वेळी नेमकं काय करतं यावर तिघांची तीन मतं. निर्मात्याच्या मेहुण्याचं लग्न झालेलं नव्हतं, पण मत सगळ्यांत ठाम त्याचंच. त्यानं तर करूनच दाखवलं. वहिनींच्या शब्दांत सांगायचं तर चार मजले चढून आलेल्या रेड्यासारखं. कानसेन मान खाली घालून बसला होता.

वहिनी म्हणाल्या, "असं काही नसतं हो."

दिग्दर्शक अगदी गोड आवाजात म्हणाला, "नसेल, वहिनी. खरं नसेलही. पण खरं वाटायला तर पाहिजे ना."

वहिनींनी पाण्याचा घोट घेतला, हेडफोन नीट केले आणि त्यांना हवं होतं ते दिलं. एका दमात. पुन्हा करायची वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. हे सगळं वहिनींनी तिथंच मला सांगितलं.

"त्यांचा राग आला असेल," मी म्हटलं.

"तो नेहमीचाच. खरा राग कसला आला सांगू? मला ते एका दमात आलं. झोपेतून उठवलं तरी येईल."

"कामाची सवय आहे वहिनी ती."

"काम तळघरात राहिलं असतं तर काही नव्हतं." त्यांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि दोन आपण धरली. "घरीसुद्धा मी तेच करते."

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

"फार जुनी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "एकदा दमले होते. लवकर आटपावं म्हणून तसा आवाज काढला, तर हे इतके खूश झाले की बास. त्यांनी तरी दुसरं काय ऐकलंय जन्मात? सिनेमाच ना. मग तेच पडलं अंगवळणी. आता माझं स्वतःचं काय, कसं, असं मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही."

चादर आमच्या दोघींच्या मध्ये ताणलेली होती. माझ्या घरचं मला ठाऊक होतं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही चौघं मिळून दुपारच्या खेळाला गेलो. पोस्टरवर ती पाठच होती, त्यामुळे हॉल भरलेला. एरवी अशा दृश्यावर निदान गाणं तरी वाजत असतं. या दिग्दर्शकाला शांतता हवी होती. हसणारी पोरगी एक क्षण दिसली, मग पडदाभर पाठ आली आणि वहिनींचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये पसरला. शिट्ट्या पडल्या. आमच्या मागचा कुणीतरी दुसऱ्याला म्हणाला, "बाई असावी तर अशी."

भाऊजींच्या हातात थंड पेयाचा कप होता. तो तसाच राहिला. त्यांनी पडद्यावरून नजर काढली आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनी समोर बघत होत्या. मध्यंतरात भाऊजी उठून गेले ते परत आलेच नाहीत.

वहिनी घरी पोचल्या तेव्हा ते बूट न काढता खुर्चीत बसले होते.

"तो आवाज," ते म्हणाले.

"माझाच. कामाचा."

"मी सिनेमाचं विचारत नाहीये."

वहिनी खोटं बोलू शकल्या असत्या. आवाजाला काय, कुठलाही काढता आला असता. त्यांनी खरं ते सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं तू मला..." भाऊजींनी बुटाची नाडी ओढून सोडली. "मी कधी म्हटलं होतं का, असं कर म्हणून?"

"नव्हतं म्हटलं. तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं, काहीच विचारलं नव्हतं."

त्या दिवसापासून भाऊजींचं अंथरूण बाहेरच्या खोलीत आलं. जेवायचे, डबा घ्यायचे, जायचे. बऱ्याच आठवड्यांनी एकदा ताटावरून मान न उचलता म्हणाले, "मग खरं कसं असतं, ते तरी सांग."

"मला आठवत नाही," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी अर्ध्या जेवणावरून उठले. "त्यांना वाटलं मी टोमणा मारला," वहिनी मला सांगत होत्या. "टोमणा नव्हता गं तो."

वहिनींनी तळघरात सांगून टाकलं की असली कामं आता नकोत. कुणी वाद घातला नाही. मग त्यांच्याकडे आया येऊ लागल्या, कोर्टातल्या न्यायाधीश बाई येऊ लागल्या, आणि मुलांच्या कार्टूनमधली एक भांडखोर कोंबडी. त्या सिनेमाला मात्र कुठलंसं बक्षीस मिळालं, स्त्रीच्या आतल्या आवाजाला वाट करून दिल्याबद्दल. दिग्दर्शकाचं भाषण टीव्हीवर लागलं होतं. वहिनींनी ते उभ्यानं ऐकलं आणि भांडी घासायला निघून गेल्या.

या वर्षी त्यांची दाढ दुखत होती म्हणून मी त्यांना दातांच्या दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर बाकांवर पाच-सहा माणसं, भिंतीवर टीव्ही. कुठलातरी नवा सिनेमा चालू होता, वहिनींनी न केलेला. एक कोवळी पोरगी, एक पलंग, आणि पुन्हा पाठ. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

मी नीट ऐकलं. तोच श्वास होता, शेवटी अडखळतो तोसुद्धा. समोरचा सुजलेल्या गालाचा माणूस गाल धरायचं विसरून वर बघत होता. वहिनींनी काउंटरवर जाऊन टीव्ही बंद करायला सांगितला.

"बघू द्या की काकू लोकांना," तिथली मुलगी म्हणाली. "नंबर येईपर्यंत तेवढाच विरंगुळा."

जिन्यात उभं राहून वहिनींनी कानसेनला फोन लावला. त्यानं लपवाछपवी केली नाही. "आवाजांच्या लायब्ररीत आहे ते, वहिनी. दाराची करकर असते, कुत्र्याचं भुंकणं असतं, तसंच ते. लागलं की काढायचं आणि लावायचं."

दाढ न दाखवताच आम्ही परत आलो. संध्याकाळी भाऊजींनी विचारलं, दाढेचं काय झालं? वहिनी सांगायला लागल्या दाढेचं आणि सांगून बसल्या सगळंच. कुत्र्याच्या भुंकण्यापर्यंत. भाऊजींनी शर्ट चढवला. "चल," म्हणाले.

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा त्या तळघरात उतरले. काचेपलीकडे, बटणाशेजारी उभे राहून कानसेनला म्हणाले, "पुसून टाका."

कानसेन उठून उभा राहिला होता. त्यानं कॉम्प्युटरवर ती जागा काढली, त्यांच्यादेखत पुसली आणि रिकामी खिडकी दाखवली.

"आणखी कुणाकडे आहे?"

"कोण मागेल त्याला देतो आम्ही. त्यांच्याकडचं आमच्याकडे येतं. आता कुठं कुठं गेलं असेल, काय सांगू साहेब? ज्याच्याकडे गेलं त्यालाही माहीत नसेल ते कुणाचं आहे."

भाऊजी हात चोळत उभे राहिले. भांडायला आलेला माणूस, आणि समोर भांडणारं कुणी नाही. बसस्टॉपवर आल्यावर ते म्हणाले, "त्यानं खरंच पुसलं असेल?"

"तेवढं एक पुसलं असेल," वहिनी म्हणाल्या.

"आणि बाकीचे?"

भाऊजी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे रागानं बघत होते, जसं काही त्यातल्या एकाच्या खिशात ते सापडणार होतं. दोन भरलेल्या बस सोडल्या, तिसरीत उभ्यानं आले.

परवा मी खाली गेले तर बाहेरच्या खोलीतलं अंथरूण दिसलं नाही.

"मिटलं का?" मी हळूच विचारलं.

"मिटलं कसलं," वहिनी कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या. "बाहेर डास चावतात त्यांना." मग घड्याळ बघून उठल्या. कोंबडीचं रेकॉर्डिंग होतं आणि त्यांना उशीर झाला होता.