गुळाच्या लेबलावरची अक्षरं

दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी इथलं एक कला महाविद्यालय मला बोलावतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना धंद्यातल्या चार कामाच्या गोष्टी सांगा, म्हणतात. मी सांगतो. ज्या वस्तूचं लेबल करायचं ती आधी जाऊन बघा, हात लावून बघा. अक्षराची शिरोरेषा सगळ्यात शेवटी ओढा. ती आधी ओढली की डोळ्याला शब्द पुरा झाल्यासारखा वाटतो आणि खालच्या चुका दिसेनाशा होतात. झालेलं काम उलटं करून भिंतीला टेकवा, म्हणजे वाचता येत नाही आणि कुठली बाजू जड झाली ते कळतं. कच्चं काम फेकू नका, मागे तारीख घालून ठेवा. मुलं लिहून घेतात. शाल आणि नारळ मिळतो. मी घरी येतो.

यातली एकही सवय माझी नाही. सगळ्या माझ्या भागीदाराच्या आहेत. सहा वर्षं मी त्या मुलांना हे सांगितलं नाही.

आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. तो शाहूवाडीकडचा. बौद्ध घरातला, वडील दुसऱ्याच्या भातशेतीत राबणारे, घरात कॉलेजात आलेला हा पहिला. आमच्या घरी शेती आणि चार म्हशी, त्यामुळे चुकलं तरी माझं फारसं बिघडणार नव्हतं. एक्याण्णव साली लक्ष्मीपुरीत एका छापखान्याच्या माडीवर आम्ही खोली घेतली. परवाना माझ्या नावावर काढला, कारण भाड्याचा करार माझ्या वडिलांनी केला होता. गिऱ्हाइकाशी बोलायचं मी आणि कामाला बसायचं त्याने, अशी वाटणी झाली. त्याला लोकांत बोलायला आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. खोलीत मात्र तो माझ्या दुप्पट बोलायचा. त्याला गिऱ्हाइकापुढे मी कधी नेलंच नाही, एवढंच खरं.

दुसऱ्या वर्षी मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याचं काम आलं. एक किलोच्या खोक्यावर लावायचं लेबल. मी लगेच ऊस, बैल आणि उगवता सूर्य काढून दिला असता. सगळ्यांच्या लेबलांवर तेच असायचं. तो म्हणाला, आधी गुऱ्हाळावर जाऊ. आम्ही सायकलींवरून गेलो. मी उसाचा रस पिऊन सावलीला बसलो. तो दिवसभर रस उकळायच्या काहिलीजवळ उभा राहून गरम गूळ फावड्यावरून कसा ओघळतो, तुटताना त्याचं टोक कसं जाड होतं, ते बघत होता. परत येऊन त्याने व्यापाऱ्याच्या गुळाचं तीन अक्षरी नाव रद्दी कागदावर किती वेळा काढलं, मी मोजलं नाही. शेवटी जे निघालं त्यात ऊस नव्हता, बैल नव्हता. नुसती अक्षरं, पण त्यांची टोकं आत्ता ओघळतील अशी.

मी म्हटलं, झालं, देऊ या. तो म्हणाला, थांब. आमचं धरून पाच व्यापाऱ्यांची लेबलं खोक्यांना चिकटवून ती त्याने यार्डात एका हमालासमोर मांडली. हमालाला वाचता येत नव्हतं. त्याला आमचं लेबल एकदा दाखवलं, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोललो आणि मग लांबून विचारलं, मघाचं खोकं कुठलं? हमालाने न थांबता बोट दाखवलं आणि म्हणाला, "ह्ये की, गळाय लागल्यालं." तेव्हा कुठे माझा भागीदार हसला.

दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे होतात. शेठनी ते लेबल लावलेलं पहिलं खोकं लक्ष्मीच्या फोटोपुढे ठेवलं आणि मला पेढा देत विचारलं, "काय हो पेंटर, हात कुणाचा हा?"

मी म्हणालो, "माझाच."

हे त्याच्या कानावर यायला आठवडा लागला. छापखान्यातल्या कुणीतरी मला शाबासकी दिली, तेव्हा तो शेजारीच उभा होता. वर खोलीत आल्यावर मी आपण होऊनच सांगायला लागलो. म्हटलं, जुन्या वळणाचे लोक आहेत, देवापुढे ठेवतात, तुझं आडनाव ऐकून उगाच काही मनात आलं असतं. धंद्याचा विचार केला.

"शेठनी आडनाव इचारलं व्हय?" तो म्हणाला.

"नाही."

"मग त्यांच्या वाटणीचं तू कशाला बोलाय लागलायस?"

त्याने पुढे ताणलं नाही, ब्रश धुवायला घेतला. शेठच्या मनात तसं काही होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही. मी त्यांना संधीच दिली नाही. माझ्या मनात होतं ते मी त्यांच्या नावावर टाकलं.

त्या लेबलामुळे आमचं नाव झालं. म्हणजे माझं. मसाल्याची पाकिटं आली, चपलांची खोकी आली, जोतिबाच्या पायऱ्यांवरच्या दुकानदारांचे पेढ्याचे बॉक्स आले. मी बोलत राहिलो, तो काढत राहिला.

सत्त्याण्णवच्या सुमाराला कॉम्प्युटर घेतला. त्या कॉम्प्युटरसाठी खोलीत काचेचं पार्टिशन करायचं होतं आणि पोटमाळा काढायचा होता. पोटमाळ्यावर त्याची एक पत्र्याची ट्रंक होती, तिच्यात त्याचं सगळं कच्चं काम होतं: ट्रेसिंग पेपर, रद्दीवरची अक्षरं, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने तारीख. तो चार दिवस गावी गेला होता. मी ट्रंक रिकामी करून कागद रद्दीवाल्याला दिले, ट्रंकही त्यालाच दिली. जागा लागत होती, हे खरं आहे. पण गुळाच्या लेबलाचे कागद हातात आले तेव्हा मी थांबलो होतो, ते बघितले होते आणि मग गठ्ठ्यावर ठेवले होते, हेही खरं आहे. तो आल्यावर मी सांगितलं, ट्रंक आमच्या घरी नेऊन ठेवलीय, इथं ओल येते. त्याचा विश्वास बसला.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या कला महाविद्यालयात, जिथे मला आता शाल मिळते, अक्षरलेखन शिकवायला माणूस हवा होता. वयाच्या अटीमुळे त्याला अर्ज करायची ती शेवटची वेळ होती. अर्जासोबत छापलेलं काम जोडायचं आणि ते स्वतःचं असल्याचं जिथे काम केलं तिथल्या मालकाचं पत्र. मालक कागदोपत्री मी. त्याने पत्राचा मसुदा स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून आणला होता. चारच ओळी. गुळाच्या अमुक लेबलाची अक्षरं आणि मांडणी यांनी केली आहे. खाली सहीपुरती जागा.

त्याच महिन्यात एका दूध संघाच्या पिशवीचं काम यायचं होतं. गुळाचं लेबल करणारा माणूस पाहिजे, असं त्यांनी शेठना सांगितलं होतं आणि शेठनी माझं नाव दिलं होतं. मी त्याला म्हटलं, पत्र जरा रीतसर टाइप करून देतो. दुसऱ्या दिवशी दिलं. त्यात लिहिलं होतं की यांनी आमच्याकडे आठ वर्षं सहायक म्हणून प्रामाणिकपणे काम केले.

त्याने ते दोनदा वाचलं.

"सहायक," म्हणाला. "कुणाचा रं?"

मी परवान्याचं, कागदोपत्री भाषेचं काहीबाही सांगत राहिलो.

"परवाना तुझ्या नावावर हाय. अक्षर न्हाय की." मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे पत्र. माझी ट्रंक आण घरातनं. कच्चं काम दावतो, तारखा हायत मागं."

मी ट्रंक नाही म्हणून सांगितलं. कधी गेली तेही सांगितलं. तेव्हा खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं. तो ओरडेल, निदान शिवी देईल, असं वाटलं होतं. त्याने पुढ्यातली शाईची बाटली बंद केली, टेबल पुसलं आणि खाली उतरला. पत्र तिथेच राहिलं. तो पुन्हा आला नाही आणि त्याने अर्ज केला नाही, हे मला नंतर कळलं.

दूध संघाचं काम मला मिळालं. ते वाईट झालं. तरीही छापलं गेलं.

नऊ वर्षांनी, दोन हजार आठमध्ये, मी त्याच्या गावी गेलो. मधल्या काळात तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं आणि शाळांच्या भिंतींवर पाढे रंगवत होता, मुलांना चित्रकलेच्या परीक्षांना बसवत होता. मी स्टॅम्पपेपरवर लिहून, नोटरी करून पत्र नेलं होतं. त्याच्याच मसुद्यातल्या ओळी होत्या, माझ्या आठवणीत राहिलेल्या. त्याच्या बायकोने चहा दिला, मी कोण हे तिला माहीत असावं, कारण कप ठेवून ती लगेच आत गेली. त्याने पत्र वाचलं.

"चांगलं लिवलंयस," म्हणाला. "आता कुणाला दावू? म्हशीला?"

मी म्हणालो, मी त्या कॉलेजात बोलायला जातो. तिथे उभा राहून सगळं सांगतो, तुझ्या नावानिशी. कुठे छापून येत असेल तर लिहितो.

"नाव घालू नगंस."

"का?"

"माझं नाव घेतलंस की तुझं वझं उतरंल. मला त्यातनं काय मिळंल सांग." मग म्हणाला, "त्या लेबलाचं मधलं अक्षर आता चेपलंय. मलकापुरात दुकानात बघितलं. तूच केलंस काय कॉम्प्युटरवर?"

मीच केलं होतं. खोक्याचं माप बदललं म्हणून शेठनी सांगितलं होतं आणि मी ते बाजूने दाबून बसवलं होतं. चेपलेलं मला दिसलं नव्हतं.

यंदा कॉलेजात बोलून झाल्यावर एका मुलीने विचारलं, सर, हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? हा प्रश्न सहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, माझ्या भागीदाराने. गुळाचं ते लेबल त्याचं आहे, माझं नाही. मागे बसलेल्या प्राध्यापकांनी मान वर केली. तिने विचारलं, त्यांचं नाव काय? मी म्हणालो, ते सांगायची मला परवानगी नाही. त्याने मना केलं म्हणून मी गप्प राहिलो की अजूनही घाबरतो म्हणून, हे समोरून बघणाऱ्याला कळणं शक्य नव्हतं. तिने वहीत 'भागीदार' असं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला: सुरुवातीला कॉम्प्युटर कुठला घ्यावा?