लाकडाचं रुखवत

माझ्या बहिणीच्या लग्नात मी जी भांडी दिली, ती अंगठ्याएवढी होती. हंडा, कळशी, चरवी, तपेलं, घंगाळ, झाकणाचे डबे. सगळी कडुलिंबाच्या लाकडाची, आतून पोकळ, मी स्वतः लेथवर कातलेली.

पूर्णेत एका सुतारी कारखान्यात खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी कातून मी पोट भरतो. उरलेल्या वेळात चळवळ करतो. म्हणजे पत्रकं लिहितो, ती स्वतःच वाटतो आणि लगनसराई लागायच्या आत गावोगाव जाऊन हुंड्याविरुद्ध, मानपानाविरुद्ध बोलतो. मी गोड लिहीत नाही. मुलीच्या बापाला लुटणाऱ्याला लुटारूच म्हणायचं, पाहुणा म्हणायचं नाही, अशी माझी भाषा.

बहिणीचं पाथरीला जमलं. त्या लोकांनी काही मागितलं नाही, हे खरं आहे. भांड्यांचा विषय आमच्याच घरात निघाला.

"भांडे तर द्यावेच लागतेत," वडील म्हणाले. "त्याला हुंडा कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"तू कशालाबी म्हणशील. उद्या पाव्हण्याला पाणी दिलं तर पाण्यालाबी हुंडा म्हणशील."

आई हसली. मी हसलो नाही. आम्ही देव सोडले, नवस सोडले, लग्नं पांढऱ्या कपड्यात बुद्धवंदना घेऊन लावायला लागलो, आणि पितळी हंडा मात्र आम्हाला सोडवत नाही, असं मी बरंच बोललो. वडील रेल्वेत नोकरी केलेले, गाडी गेल्यावर रुळाकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझी बहीण हाय. तूच बघ."

बहिणीनं एकच अट घातली. "दादा, मांडवात कागद वाटायचे न्हाईत. एक दिवस मला नुसती नवरी राहू दे."

मी कबूल केलं. पण गप्प बसणं माझ्या अंगात नाही. कागद नाही तर लाकूड, असं ठरवलं.

आमच्याकडे रुखवतात मांडायला बाजारात लाकडाची चिमुकली भांडी मिळतात, पण ती भरीव असतात. वरून हंडा, आत ठोकळा. मला तसलं खेळणं नको होतं, उत्तर द्यायचं होतं. कारखान्यातलं काम संपलं की मी लिंबाचा तुकडा लेथला लावायचो. बाहेरचा आकार लवकर निघतो. पोट, गळा, काठ, हाताला सवयच असते. खरं काम आतलं. आधी गळ्यातून बारीक भोक पाडायचं, मग टोकाला वाकवलेली बारीक पटाशी त्या भोकातून आत घालायची आणि न बघता पोट कोरत जायचं. आत काही दिसत नाही. लाकूड जाड आहे तोवर आवाज घोगरा येतो, भिंत पातळ व्हायला लागली की तो चढत जातो. एक घास जास्त घेतला की कळशी फुटून तोंडावर उडते. कितीतरी फुटल्या. जी वाचली तिला फिरतानाच लाखेची कांडी टेकवायची, म्हणजे रंग चढतो. मी पितळेसारखा पिवळा चढवला. घंगाळाला कड्या केल्या, डब्यांची झाकणं घट्ट बसतील अशी केली. मोठ्या भांड्यात आणि माझ्या भांड्यात माप सोडलं तर काहीच फरक राहू नये, असा हट्ट होता.

आता वाटतं, तिथंच सगळं बिघडलं.

मांडवात बायकांची झुंबड उडाली. झाकणं उघडून बघायला लागल्या. बहिणीच्या सासूबाईंनी हंड्यात करंगळीचं टोक घातलं आणि म्हणाल्या, "आतून बी कोरलंय की. लय निगुतीनं केलंय." मी फुगलो. मला वाटलं, एक कागद न वाटता मी बोललो आणि ते यांना पोचलं.

काही दिवसांनी बहिणीला माहेरी आणायला मी मुराळी म्हणून पाथरीला गेलो. एस.टी.तून उतरून घरात शिरलो, तर समोरच्या भिंतीवरची भांड्यांची मांडणी जवळजवळ रिकामी. घासून पुसून लख्ख, फळ्यांवर नक्षी कापलेला नवा कागद. आणि त्यावर माझी भांडी, लांब लांब. हंड्याच्या जागी हंडा, कळशीच्या जागी कळशी, प्रत्येकाच्या भोवती मोठ्या भांड्याएवढी जागा सोडलेली.

रुखवतात छोटं मांडतात आणि मोठं मागून टेम्पोत येतं, ही आमच्या भागातली रीत. मी शेकडो जेवणावळी जेवलोय, मला काय ठाऊक नव्हती? मी इतकी हुबेहूब केली होती की त्या घरानं ती नमुना समजून जागा आखून ठेवली.

"बसा," सासूबाई म्हणाल्या. "टेम्पो मिळंना का? राहू द्या, लगनसराई हाय. सवडीनं येऊ द्या."

बहीण चहा घेऊन आली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. इतके दिवस ती हेच ऐकत होती आणि काही बोलली नव्हती. या मांडणीसमोर ती रोज भाकरी थापत होती. लुटारू वगैरे माझे सगळे शब्द तोंडात होते, पण घालायचे कुणाच्या अंगावर? या बाईनं मागितलं काहीच नव्हतं. तिनं फक्त जागा केली होती.

"मावशी," मी म्हणालो, "टेम्पो येणार न्हाई. एवढेच हायेत."

त्यांनी मांडणीकडे बघितलं. "हे?"

"हे."

"मंग तवाच सांगायचं की," त्या म्हणाल्या. "मी माझे कशाला काढले असते?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. चुलीजवळून बहीण हळूच म्हणाली, "दादा, त्यापरीस कागद वाटला असता तर चाललं असतं."

सासूबाईंनी खाटेखालून पोतं ओढलं. त्यात त्यांची स्वतःची भांडी होती. सुनेच्या भांड्यांना जागा व्हावी म्हणून त्यांनी ती बांधून ठेवली होती. माझी लाकडी भांडी त्यांनी एका ताटात नीट काढून ठेवली आणि स्टुलावर चढल्या. "उठा, हात लावा."

बहीण पोत्यातून काढून मला द्यायची, मी वर द्यायचो. जुनं पितळ, पोचे पडलेलं, पण चिंच लावून घासलेलं. प्रत्येकाच्या पोटावर नाव कोरलेलं, सासूबाईंच्या वडिलांचं.

दारात शेजारीण उभी राहिली. "आले का सुनंचे भांडे?"

"आले की," सासूबाई मागं न बघता म्हणाल्या. "तेच ठेवायलाव."

"बघू तरी."

"उद्या ये. आज पाव्हणं घरात हायेत."

बोलता बोलता त्यांनी हातातली कळशी फिरवली आणि नाव भिंतीकडे करून ठेवली. बहिणीनं पुढचं तपेलं माझ्या हातात दिलं. नाव तिनं आधीच आत वळवलं होतं. मी ते तसंच धरून वर दिलं.