थुंकीची सावड

रहांगडाले सिस्टर पेशंटबरोबर स्वतः खोकायच्या. आमच्या आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झालो, त्या सकाळी केंद्रामागच्या मोकळ्या जागेत दोन माणसं आळीपाळीने जीव तोडून खोकत होती. हातात डबी घेतलेला एक म्हातारा, आणि वारा पाठीशी घेऊन, त्याच्यापासून लांब, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या सिस्टर. मी घाबरून विचारलं, "यातलं आजारी कोण?"

"जो ऐकून नाही राहिला तो," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा म्हाताऱ्यावर ओरडल्या, "लाळ नोको देऊ गा! छातीतून काढ!"

क्षयाच्या तपासणीला छातीतला घट्ट बेडका लागतो, तोंडातली थुंकी चालत नाही. एवढी साधी गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्यात सिस्टरांची उभी नोकरी गेली. कुणी पळसाच्या पानात बांधून आणायचं, तर कुणी अख्ख्या घरादाराची एकाच टिफिनात. एक सून तर सासूसमोर खोकणं बरं दिसत नाही म्हणून सासूचीच घेऊन आली होती. सिस्टर कपाळाला हात लावायच्या. "खकार ज्याचा, रोग त्याचा. याच्यात भाऊबंदकी नाही चालत," हे वाक्य त्या दिवसातून कितीदा म्हणायच्या देव जाणे. हे सगळं शेवटी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली यायचं. माझी आई मात्र पाहुण्यांना सांगायची, पोरगा डॉक्टरच आहे जवळजवळ.

फागुलाल बोदलकशाकडच्या एका खेड्यातला. तांदळाच्या गिरणीत हमाली करायचा आणि बरेच आठवडे खोकत होता. सिस्टरांसमोर त्याची नुसती लाळ निघाली, म्हणून त्यांनी दुसरी डबी देऊन सकाळी उठल्याबरोबरची आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने डबी आणली ती अशी घट्ट की सिस्टर हरखल्या. "पाहा, याले म्हंतेत खकार!" मी पाहिलं, तर क्षयाचे जंतू जत्रेला आल्यासारखे जमलेले.

निरोप धाडून भागणार नव्हतं, कारण त्याच दिवशी फागुलालच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आणि घर पाहुण्यांनी भरणार होतं. सिस्टर माझ्या मोटरसायकलवर मागे बसल्या, मांडीवर रिकाम्या डब्यांची पेटी. दारात मांडव पडला होता, बुंदीचा वास सुटला होता. सिस्टरांनी फागुलालला गोठ्यामागे नेलं आणि कधी नव्हे त्या मऊ आवाजात रिपोर्ट सांगितला. फागुलालने आनंदाने टाळीच वाजवली.

"मंग त ते माही नाहीच जी! सुकरामची होय!"

आमच्याकडे धानाच्या रोवण्याच्या दिवसांत सावड असते. आज तुम्ही माझ्या शेतात, बांधीत राबा, उद्या मी तुमच्या. फागुलालला धास्ती होती की रिपोर्ट वाईट आला तर सोयरे दारातूनच परत फिरतील. म्हणून त्याने आपला जिवलग दोस्त, गावातला सगळ्यात दणकट गडी सुकराम, याच्याकडे अडचण नेली. सुकराम म्हणाला होता, "थुंकीच त मांगून राहिला गा, किडनी त नाही." आणि पहाटे उठून डबी भरून दिली होती.

फागुलाल हे हसत हसत सांगत होता. सांगता सांगता त्याचं हसू थांबलं. "म्हंजे बाई... सुकरामले?"

बुंदीच्या कढईवरून सुकरामला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "देल्ली ते देल्ली. देल्लेली वस्तू मी वापस नाही घेत."

"घे ना गा, पाया पडतो तुह्या," फागुलाल रडकुंडीला आला.

"पोरीचा आहेर कोणी वापस घेते काय?"

मी माझ्या सरकारी आवाजात समजावलं की जंतू डबीत नाहीत, तुझ्या छातीत आहेत. "तुमी मधात नोका बोलू जी, हे आमचं दोघायचं आहे," सुकरामने मला उडवून लावलं. मग सिस्टर पुढे झाल्या.

"सुकराम, तुह्यं लेकरू कोणाजवळ निजते?"

"माह्याजवळच, बाई. आंगावर हात टाकल्याबिगर झोपतच नाही ते."

बोलला आणि त्याने आपल्याच तोंडावर हात धरला. मग त्याने हात पुढे केला. "आणा जी डबी."

दोघांना लांब लांब उभं करून सिस्टर मध्ये खोकायला लागल्या आणि नेमके तेव्हाच सोयरे आले. नवऱ्या मुलाचा बाप आवाजाच्या दिशेने थेट गोठ्यामागे. "हे काय होय जी?"

"तपासणी. खोकलणाऱ्यायची घेऊन राहिलो," सिस्टर म्हणाल्या. "तुमाले येते खोकला?"

"येते ना बाई, कधीमधी."

सिस्टरांनी त्याच्या हातात डबी दिली. त्या भल्या माणसाला वाटलं, हा या घरचा मान असावा. त्याने खांद्यावरचा शेला बाजूला ठेवला, चूळ भरली आणि मनापासून खोकला. ते पाहून त्याचे दोन्ही भाऊ रुसले. "आमाले काऊन नाही?" लग्नघरात रुसवा नको म्हणून सिस्टरांनी त्यांनाही डब्या दिल्या. मग पोरीला कुंकू लागलं, आणि मी सोयऱ्यांचे बेडके मांडीवर घेऊन बुंदी खाल्ली.

फागुलालला गिरणीच्या भुशाचा खोकला निघाला, सोयरे निरोगी. सुकरामचं मात्र खरंच होतं. लेकराला वेळेवर प्रतिबंधाचं औषध सुरू झालं. गोळ्या पाहिल्या की सुकराम बैलासारखा अडायचा, तेव्हा फागुलाल रोज सकाळी येऊन त्याच्यासमोर बसायचा. "सावड फेडून राहिलो," म्हणायचा.

औषध संपलं आणि सुकराम शेवटच्या तपासणीला आला, ते सिस्टरांच्या निवृत्तीचे दिवस होते. केंद्रामागे तो आणि सिस्टर कितीतरी वेळ खोकत होते. सिस्टरांचा आवाज बसला तरी सुकरामच्या छातीतून काही निघेना. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "माफ करा बाई, काहीच नाही जी अंदर."

सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या. घामाने डबडबलेल्या, डोळे भरलेले. त्यांनी डबी माझ्यासमोर ठेवली. कोरडी ठाक.

"पाह्य," त्या म्हणाल्या. "किती चांगली दिसून राहिली!"

मी सूक्ष्मदर्शक बाजूला सारला आणि बराच वेळ ती नुसत्या डोळ्यांनीच पाहिली.