कॅसेटची दुसरी बाजू

माझे मामा कळंबचे. शेती करून उरलेल्या वेळात ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. मामी म्हणायची, उलटं आहे, गिटार वाजवून उरलेल्या वेळात शेती करतात. जत्रा असो की गणपती, स्टेजवर पुढे गाणारा आणि मागे, ड्रमच्या आडोशाला, मामा. अशी तीस वर्षं गेली. कार्यक्रम संपला की लोक गाणाऱ्याभोवती गोळा व्हायचे आणि मामांना म्हणायचे, "भाऊ, जरा सरका, फोटो काढायचाय."

नव्वदचं दशक सरता सरता ऑर्केस्ट्रा मोडला. मग मामांनी पुण्याला जाऊन स्वतःच्या चार धुना रेकॉर्ड केल्या आणि कॅसेट काढली. शब्द नाहीत, गाणारा नाही, नुसती गिटार. धुनांना नावंसुद्धा ठेवली नव्हती. वेष्टनावर मात्र मामांचा फोटो होता, पहिल्यांदाच एकट्याचा.

मंचरच्या बाजारपेठेत एका जैन शेटजींचं भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या एका कोपऱ्यात कॅसेटी असायच्या. त्यांनी ही कॅसेट दिवसभर लावून ठेवली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, "शेठ, म्युझिक लई लांबलं. गाणं कवा सुरू व्हणार?" शिनोलीचे एक पाहुणे शेवटपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बाकी झ्याक हाय राव, पण गाणारा आलाच न्हाय का?"

मामांनी हे सगळं हसून ऐकून घेतलं. त्यांचं लक्ष माझ्याकडे होतं. मी तेव्हा शाळेत शिकवायचे आणि तालुक्याच्या साप्ताहिकात पुस्तकांवर, नाटकांवर लिहायचे. मामांनी कॅसेट माझ्या हातावर ठेवली.

"माझ्या वाजवण्यावर आजवर एक ओळ छापून आली न्हाई. तू लिही. पण खरं काय ते लिही."

त्यावर मला सुचलेलं शहाणपण असं, की भाचीने कौतुक केलं तर लोक म्हणणार, आपला तो बाब्या. तेव्हा जरा कडकच लिहायचं. रविवारी सकाळी वही-पेन घेऊन, कपाळाला आठ्या घालून मी पहिली बाजू ऐकली. इथे घाई, तिथे पाल्हाळ, तिसरी धून उगाच रेंगाळते, असं करत पान भरलं.

दुपारी कॅसेट उलटून लावली तेव्हा वही आत राहिली होती आणि पुढ्यात मेथीच्या जुड्या होत्या. तिसऱ्या धुनेला माझे हात थांबले. लहानपणी आजोळहून निघताना एसटी हलेपर्यंत मामा खिडकीला हात लावून उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. ते सगळं त्या धुनेत होतं. मी पदराने डोळे पुसले. मेथी तशीच राहिली.

मग मी लिहिलं, की पहिली बाजू कच्ची वाटते, पण तिथे पेरलेले सूर दुसऱ्या बाजूला तरारून उगवतात. दुसरी बाजू निःसंशय सरस. या वाक्यावर मी भलतीच खूश होते.

अंक निघाला. शेटजींनी मला दुकानात बसवून चहा पाजला आणि हळूच म्हणाले, "ताई, रागावू नका. दोन्ही बाजूंना तेच आहे. धुना चारच, आणि कॅसेट उलटी गुंडाळत बसायला नको, म्हणून दोन्हीकडे भरल्यात. आमच्या स्तवनांच्या कॅसेटीही अशाच असतात."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तशीच एसटी धरून कळंबला गेले. मामा ओट्यावर कांदे निवडत होते. शेजारी गिटारची पेटी उघडी होती आणि झाकणाला आतून माझ्या लेखाचं कात्रण चिकटवलेलं होतं.

"मामा, चुकलं माझं," मी म्हटलं. "पुढच्या अंकात दुरुस्ती छापते."

"मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं. कशाला दुरुस्ती?" मामा म्हणाले. हातातला कांदा त्यांनी चांगल्यांच्या ढिगात टाकला. "तीस वर्षं गाणाऱ्याच्या मागं वाजवलं, कुणी एकदा धड ऐकलं न्हाई. तू दोनदा ऐकलंस."

मग त्यांनी मलाही कांदे निवडायला बसवलं. दुरुस्ती मी छापली नाही. त्या साप्ताहिकाच्या लेखी दुसरी बाजू अजूनही सरस आहे, आणि माझ्याही.