मिसळ खाऊन समुद्रात

गेल्या वर्षी मालवणला कयाक वल्हवताना मला बोट लागली. उलट्यांनी हात गळाले आणि मित्रांनी दोरी बांधून मला किनाऱ्यावर ओढत आणलं. म्हणून यंदा निघण्याआधी शाहूपुरीतल्या एका मेडिकलमध्ये जाऊन हे सगळं सांगितलं. काउंटरवरचे गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवून, कात्रीने गोळ्यांची पट्टी कापत होते.

"त्या दिवशी काय खाल्लतं?"

"मिसळ."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "जादा कट घेऊन?"

मी मान डोलावली.

"पावणं, पाण्यात जाताना इडली खावा. ही गोळी तासभर आधी घ्या. झोप आणती, तवा एकदा घरात घिऊन बघा." मग त्यांनी दोन्ही हातांनी हवेत वल्हं मारलं आणि माझ्या डोक्यावरून लांब चौकाकडं पाहिलं. "नजर अशी, आभाळ टेकतंय तिथं. आणि हात थांबवायचा न्हाय."

मला ते मुरलेले खलाशीच वाटले. "तुम्ही बरेच समुद्रात जाता वाटतं?"

"छ्या! मला रंकाळ्याच्या तळ्यातबी बोट लागती," पट्टीवर पेनाने वेळ लिहीत ते म्हणाले. "तवापास्नं ज्याला त्याला उपाय इचारतोय. पयली उलटी नव्या व्याह्यांच्या अंगावर झालती."