कर्ण्याच्या जोडीचं कपाट

आमच्या घरी पितळी कर्ण्याचा फोनो आहे आणि त्याचं कपाट खाडीपलीकडे दुसऱ्याच्या घरात आहे. कारण माझ्या वडिलांचा भिडस्तपणा. भीड भिकेची बहीण, असं आई त्यांना ऐकवायची. वडील हसून सुपारी कातरत बसायचे. मला मात्र त्याचं अजून हसू येत नाही.

फोनो मूळचा शेजारच्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबाचा. रेवदंड्यात त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. शुक्रवारी दिवेलागणीला सगळं थांबायचं. विक्री नाही, फोनोला चावी देणंही नाही. शनिवारी चांदण्या दिसल्या की शेजारची काकू पहिली रेकॉर्ड लावायची आणि वडील कुंपणापाशी जाऊन उभे राहायचे. तिने कितीही वेळा आत बोलावलं तरी इथूनच छान ऐकू येतं म्हणायचे.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ते कुटुंब इस्रायलला जायला निघालं. सामान विकायला काढलं तेव्हा काकूने आधी वडिलांना बोलावून फोनो दिला. तो शुक्रवार होता आणि ऊन उतरत आलं होतं. फोनोखालचं कपाटही वडिलांच्या मनात होतं. रेकॉर्डी उभ्या ठेवायला त्यात अरुंद कप्पे होते. पण उठत्या घरातून एका दमात दोन वस्तू उचलणं त्यांना हावरटपणाचं वाटलं. रविवारी विचारू, असं ठरवून फोनो छातीशी धरून ते दिवस मावळायच्या आत घरी आले. रविवारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेले, तोवर कपाट कुणा कोळणीने होडीत घालून खाडीपार नेलं होतं. कोणत्या कोळणीने, हेही त्यांनी विचारलं नाही. काकूला अवघडल्यासारखं होईल म्हणे!

फोनोबरोबर आलेल्या रेकॉर्डी ट्रंकेत आडव्या पडल्या आणि पहिल्याच उन्हाळ्यात वाकल्या. सुई लावली की गाणं होडीत बसल्यासारखं हेलकावे खायचं. अलिबागला एका साहेबाच्या सामानात रेकॉर्डींचं कपाट निघालं, ते वडिलांनी बघताक्षणी नापसंत केलं. ते झाकणाच्या, बिनकर्ण्याच्या फोनोसाठी केलेलं, आपल्या कर्ण्याच्या बरंच नंतरचं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर आमचा फोनो दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखा दिसला असता, हे मात्र खरं. त्यांना हवं होतं ते कपाट वेगळं ओळखू येण्यासारखं होतं. फोनोच्या बैठकीवर कोरलेली द्राक्षाची वेल त्याच्याही दारांवर होती आणि माथ्यावर फोनोच्या चार पायांचे गोल ठसे उमटलेले होते. फोनोबरोबर दोन लहान चाव्याही आल्या होत्या. एक बैठकीच्या खणाची, दुसरी आमच्या घरात कशालाच लागत नव्हती.

कपाट सापडलं ते आईमुळे. सुकट विकायला येणाऱ्या एका कोळणीला आईने ओटीवर बसवून पाणी दिलं, तेव्हा ती आपल्या देव्हाऱ्याचं कौतुक करू लागली. प्रत्येक देवाला वेगळा कप्पा आणि दारावर द्राक्षं. वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होडीने गेले. कपाट तेच होतं. कप्प्याकप्प्यांत टाक आणि तसबिरी, समोर तेवती समई, दारं सुतळीने बांधलेली. माथा रिकामा होता, कारण देवांच्या डोक्यावर कुणी काही ठेवत नाही. चार ठसे मात्र स्वच्छ दिसत होते. वडिलांनी त्यातल्या एकावर बोट फिरवलं, देवाला नमस्कार केला, चहा घेतला आणि उठले. चावी त्यांच्या खिशातच राहिली. देव बसलेत तिथे आपण कसं मागायचं, एवढंच परतताना बोलले. पुढे फोनोला चावी देणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलंच. मला त्यांचा राग येई आणि कीवही येई.

वडील गेल्यावर ती कोळीण भेटायला आली. मी ती दुसरी चावी काढून तिच्या हातावर ठेवली. आता तुमच्या देवांच्या दाराला लावा, म्हटलं.

तिने चावी उलटसुलट करून बघितली. "चावी शेजाऱ्यांना दिलीय, कपाट देताना ती बाई बोलली व्हती," ती म्हणाली. "रविवारी फाटेपासून तुमच्या कुंपणाकडं बघत बसलेली. भरती सरायला लागली तवा मना बोलली, ने बाय, त्यांना नको असंल."

मी विचारलं, मग आम्ही आलो होतो त्या दिवशी हे का नाही सांगितलं?

"देवाचं काय, पाटावर बशिवलं असतं. तुझ्या बापसानं ठशावर बोट फिरवलं तवाच मना समजलं. मी पन वाट बघितली. पर त्यानं तोंड उघरलं न्हाय, आनि मना वाटलं, आपन होऊन इचारलं तं त्याला लाज वाटंल."