अंबूबाईसाठी कोण रडणार

कसबा बावड्यात आमच्या शेजारी बापूसो नावाचा कारकून राहायचा. मूळचा कोडोलीचा, पण ते सांगायला त्याला लाज वाटायची. या माणसाबद्दल चांगलं लिहावं असं मला कधी वाटलं नाही. घरात 'हाय-न्हाय' ऐकू आलं की तो पोरीच्या हातावर पट्टी मारायचा. पोरीचं नाव पद्मजा. बायको वारल्यावर पोर सांभाळायला त्यानं गावाकडून आईला आणलं आणि आल्या दिवशीच ताकीद दिली, पोरीशी कामापुरतंच बोलायचं.

आई म्हणजे अंबूबाई. कोडोलीत कुणाकडं मयत झालं की आधी तिला बोलावणं जायचं. मेलेल्याची म्हैस, त्याचं शेत, त्याचा तापटपणा, सगळं ती हेल काढून सांगायची आणि नुसतं तोंड दाखवायला आलेलेही हुंदके द्यायचे. म्हातारपणी तिच्या जिवाला एकच घोर लागला. पोटी मुलगी नाही, सून गेलेली. आपल्यासाठी असं कोण रडणार?

"पद्मा, ये हितं. मी शिकवतो की," ती हळूच म्हणायची. "मी मेल्यावर तूच रडायचं बघ. समदं सांगून रडायचं."

बापूसोनं ते ऐकलं. "आई, असलं गावंढळ काही तिला शिकवू नकोस."

"मग माझं कसं रं, बापू?"

"रडायला काय शिकावं लागतं?" म्हणे. मूर्ख! म्हातारीनं पुन्हा विषय काढला नाही.

सत्त्याहत्तर साली ती गेली. कोडोलीच्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आल्या. तिची मैत्रीण चिमणाबाई हिनं दारातच हेल काढला, "अंबूबाई गंऽ, आमाला टाकून कुटं गेलीस गंऽ..." लगेच हे गृहस्थ पुढं झाले, "हळू रडा. इथं साहेब लोक राहतात." बायका तोंडाला पदर लावून गप्प बसल्या. पण घरच्या बाईमाणसानं तरी रडायचंच असतं. सगळ्यांनी पद्मजाकडं पाहिलं.

पोर पुढं झाली. "आजी, तू आम्हाला सोडून गेलीस. तू फार प्रेमळ होतीस." शाळेत बाईंना निरोप देताना बोलतात तसं. पुढं तिला काही येईना. तिचा काय दोष? चिमणाबाईनं मान खाली घातली. साऱ्या गावासाठी रडलेल्या बाईला लोकांनी मुकाट्यानं उचललं.

बाराव्याला बापूसो छाती फुगवून मला म्हणाला, "एवढ्या दुःखातही आमच्या पद्मजाचा एक शब्द अशुद्ध आला नाही."